पेटाऱ्यातली नुसती सनद ठेवू नका

पत्र

आदरणीय ताई, स. न. वि. वि.

माझे सासर सातारा जिल्ह्यातले. गावातला वाडा पडायला आला आहे, पुढच्या वर्षी तो उतरवायचा असे ठरले आहे. आवराआवर करताना माळ्यावर एक लाकडी पेटारा निघाला. त्यात लाल फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे सहा रुमाल, जमाखर्चाच्या चोपड्या, पोस्टकार्डे, जुनी रेशनकार्डे, लग्नातल्या आहेराच्या याद्या असे काय काय आहे. सासरे होते तोवर दसऱ्याला पेटाऱ्याची पूजा व्हायची, पण उघडून कोणी पाहिले नव्हते. मोडी वाचणारे घरात कोणी नाही. एका सनदेवर मोठा शिक्का आहे. पुतण्या अमेरिकेत असतो, त्याला ती फ्रेम करून तिकडे न्यायची आहे. दीर म्हणतात, सनद ठेवा, बाकीचे कृष्णेत सोडा. जुन्या वस्तू घेणारा एक जण येऊन गेला, शिक्क्यांच्या नि तिकिटांच्या कागदांचे पैसे देतो म्हणाला. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, बाहेरच्या कोणाला दाखवू नका, जमिनीचे काही निघाले तर नसती भानगड.

एक वही बाळबोधात, म्हणजे देवनागरीत होती म्हणून मी वाचून पाहिली. शके १८४० च्या आश्विनातले एक पान असे: मांजरपाट वार ५, कापूर, सुंठ, मिरे, मांजरपाट वार ५, सरपण गाडी १, मांजरपाट वार २. सगळा असाच बाजारहाट. पण दोन गोष्टींनी मन खट्टू झाले. गावातल्याच लोकांचे कर्जरोखे निघाले, म्हणजे आमच्याकडे सावकारी होती. आणि आजेसासऱ्यांच्या विधवा बहिणीचे एक पत्र आहे, अन्नवस्त्र मिळत नाही म्हणून भावाला लिहिलेले. जाऊ म्हणते, ही दोन्ही फाडून टाकू, घराच्या अब्रूचा प्रश्न आहे. माझा हात धजावला नाही. काय ठेवावे, काय सोडावे, सांगाल का?

– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, हात धजावला नाही हे फार चांगले झाले. आता दिरांना एवढेच सांगा की वर्षभर पेटाऱ्यातला एकही कागद घराबाहेर जाणार नाही. नदीत नाही, अमेरिकेला नाही आणि त्या खरेदीदाराच्या पिशवीत तर नाहीच. वर्षभराची मुदत मागितली की घरातले सहसा नाही म्हणत नाहीत, आणि तुम्हाला जे करायचे आहे त्याला तेवढा वेळ लागणारच आहे.

ज्याला तुम्ही बाजारहाट म्हणता त्या पानापासूनच सुरुवात करते, कारण तुमचे पत्र वाचताना मी तिथेच थांबले. शके १८४० चा आश्विन म्हणजे इसवी सन १९१८ चा ऑक्टोबर. त्या महिन्यात इन्फ्लुएन्झाच्या साथीची दुसरी लाट मुंबई इलाख्यावर कोसळली होती. मुंबईत ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती शिगेला पोचली आणि तिथून आगगाडीने, बैलगाडीने, माणसांच्या पायांनी घाटावरच्या गावागावांत गेली. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटीहून जास्त माणसे गेली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अशा महिन्यात एका घरातून पाच वार मांजरपाट, म्हणजे कोरे सुती कापड, पुन्हा पाच वार, मग दोन वार घेतले जाते, सोबत कापूर आणि गाडीभर सरपण येते. सुंठ नि मिरे काढ्यासाठी असणार. पाच वार कशाला लागले असतील हे तुमच्या लक्षात आले असेल. दोन वार कोणासाठी, याचा विचार करताना माझे मन पुढे जाईना.

माझा अंदाज चुकूही शकतो. मांजरपाट उशांच्या अभ्र्यांनाही लागते. म्हणून नुसत्या एका पानावर विसंबू नका. त्याच वहीत आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या आश्विनात किती मांजरपाट घेतले आहे ते पाहा. मग तहसील कचेरीत जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, त्या पाहायला मिळतात का याची चौकशी करा. सन १९१८ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर काढा. तुमच्या गावात त्या दोन महिन्यांत किती नावे आहेत आणि ती कोणत्या घरांतली आहेत, हे दिसले की वहीतले पान आपोआप बोलू लागेल. तो खर्च कदाचित तुमच्या घरचा नसेलही. ज्यांच्याकडे कापडाला पैसे नव्हते त्यांच्यासाठी तुमच्या आजेसासऱ्यांनी घेतलेले असेल. ते पुढच्या पानांवर कोणाच्या नावे लिहिले आहे का, तेही शोधा.

आता हे पान आणि ती शिक्क्याची सनद शेजारी शेजारी ठेवून पाहा. दिरांना सनद मोलाची वाटते आणि वही रद्दी वाटते. माझे मत नेमके उलटे आहे. सनदा, म्हणजे इनाम-वतन दिल्याचे कागद, घरोघर जपून राहिल्या त्यामागे मोठे कारण आहे. सातारचे राज्य कंपनीने १८४८ साली खालसा केले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यात ज्याच्याकडे इनाम होते त्याला 'कागद दाखव' म्हणून बोलावणे आले. दाखवता आले नाहीत त्यांची इनामे गेली. तेव्हापासून शिक्क्याचा कागद देव्हाऱ्यासारखा सांभाळायचा, हे घराघरांत मुरले. पण या चौकशीमुळेच अशा सनदांच्या नकला आणि नोंदी सरकारी दप्तरातही गेल्या. म्हणजे तुमच्या सनदेतला मजकूर आणखी कुठेतरी सापडण्याची बरीच शक्यता आहे. आश्विन १८४० च्या त्या पानाची दुसरी प्रत मात्र कोठेही नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत, त्यांतून इतिहासकार गो. स. सरदेसायांनी निवडून छापलेले ४५ खंड आहेत. त्यात मोहिमा आहेत, तह आहेत, दरबार आहे. तुमच्या गावच्या वाण्याने कापराला काय भाव लावला, ते तुमच्या पेटाऱ्यातच राहणार.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटते इतिहास म्हणजे सरकारी कचेरीत असतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे गावोगाव हिंडून एकंदर बावीस खंड उभे केले. त्यासाठीचे कागद त्यांनी लोकांच्या माळ्यांवरून, कोनाड्यांतून, अशाच रुमालांतून मिळवले. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे नावाचे शाळेतले संस्कृतचे शिक्षक होते. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या घरातल्या कागदांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला आणि उरलेले आयुष्य त्यात घातले. या माणसांचे आपल्यावर थोर उपकार आहेत. पण त्या पिढीतल्या बहुतेकांचा डोळा राजकारणावर होता. घरखर्चाच्या चोपड्या, आहेराच्या याद्या, गड्यांच्या मजुरीचे हिशेब यांच्याकडे वळायला त्यांना उसंत नव्हती. ते काम राहून गेले आहे, आणि ज्या घरांत अशा चोपड्या अजून आहेत त्या घरांनी हात लावला तरच ते होईल.

तेव्हा 'काय ठेवावे' या प्रश्नाचे उत्तर: सगळे. रेशनकार्डे, आहेराच्या याद्या, पत्ते नसलेली पाकिटे, रुमालाचे फडकेसुद्धा.

रुमाल सोडायची घाई मात्र करू नका. नवखा माणूस सगळी पुडकी एकदम सोडतो, सतरंजीवर पसरतो आणि 'विषयवार' ढीग लावतो. त्यात सगळ्यात मोठे नुकसान होते. कोणता कागद कोणत्या पुडक्यात, कशाच्या खाली आणि कशाच्या वर होता, ही माहिती कुठेच लिहिलेली नसते, ती त्या रचनेत असते. बिनतारखेचे पत्र ज्या दोन पावत्यांच्या मध्ये बांधलेले असते त्या पावत्यांवरून त्याचे साल कळते. कारकुनाने एखाद्या तंट्याचे सगळे कागद एका दोऱ्यात गोवलेले असतात, दोरा सुटला की तंटा सुटा होतो. म्हणून एका वेळी एकच रुमाल घ्या. आधी बंद रुमालाचा फोटो, मग उघडल्यावरचा, मग वरून खाली एकेक कागद, दोन्ही बाजूंनी. कोरी वाटणारी पाठ सोडू नका. मोडी पत्रांच्या पाठीवर कोणाकडून आले, कधी पोचले याची टीप बऱ्याचदा असते. प्रत्येक कागदासोबत एक चिठ्ठी ठेवा: रुमाल २, पुडके ३, कागद १४. मूळ कागदावर पेनाने काही लिहायचे नाही. फोटोच्या फाइलला तोच क्रमांक द्या. काम झाले की जसे होते तसेच, त्याच क्रमाने बांधा.

फोटो मोबाइलने चालतील. खिडकीजवळ सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर, कडेला फूटपट्टी ठेवून काढा. एक संच घरी हार्ड डिस्कवर, एक मुलांपैकी कोणाकडे आणि एक ऑनलाइन ठेवा म्हणजे झाले.

कोणत्या कागदांपासून सुरुवात करायची, हे ऐकून नवल वाटेल: सगळ्यात नव्या. मोडीचे कागद जुन्नरी किंवा दौलताबादी प्रकारचे हातकागद असण्याचा संभव आहे. त्यावर काजळाची शाई आणि बोरूचे अक्षर असते. असा कागद कोरडा राहिला तर दोनशे वर्षांनीही हातात घट्ट लागतो. उलट १९४० नंतरची रेशनकार्डे, पोस्टकार्डे, शाळेच्या वह्या यंत्राच्या कागदावरच्या. त्यातल्या आम्लाने तो कागद आतून पिवळा पडत जातो आणि घडीवर तुटतो. ते आधी टिपून घ्या. काजळाच्या शाईचा एक धोका ध्यानात ठेवा. उजेडाने ती फिकी होत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. ओल्या फडक्याने पुसणे, वाफ देणे असले काही करायचे नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची. उन्हात वाळत घालायचे नाही. चिकटपट्टी, टाचणी, स्टेपलर, डिंक, काही नको. आणि लॅमिनेशन तर कोणी फुकट करून देतो म्हणाले तरी नको, कारण ते पुन्हा सुटत नाही आणि आतला कागद भाजून निघतो. जी पुडकी कसरीने खाऊन एकमेकांना चिकटली आहेत ती सोडवायचा प्रयत्न करू नका, तशीच बाजूला ठेवा. बांधायला कोरे मांजरपाट आणा, पण दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा. खळीवर किडा येतो. पेटारा भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा उघडून पाहा. वाडा उतरवण्याचे काम सुरू व्हायच्या कितीतरी आधी तो तिथून हलवा.

पण या सगळ्याच्या आधी सासूबाईंपाशी बसा. कागद अजून वर्षभर थांबतील. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या आठवणीला आपण थांब म्हणू शकत नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि एकेक फोटो, एकेक पोस्टकार्ड त्यांच्या हातात द्या. हे कोण? कोणत्या गावचे? तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पेटारा कुठे होता? पूजेच्या वेळी सासरे काय म्हणत? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवत असत, तेव्हा त्यांनाही थोडीफार येत असेल, विचारून पाहा. 'बाहेरच्यांना दाखवू नका' असे म्हणणाऱ्या माणसाला आपण स्वतःच काही विचारत नाही, म्हणून त्यांची भीती तशीच राहते. त्यांच्याकडून नावे, नाती, शेतांची नावे, विहिरींची नावे कळली की पुढे मोडी वाचणाऱ्याचे निम्मे काम हलके होईल, कारण मोडीत अडते ते विशेषनामांपाशीच.

त्यांच्या जमिनीच्या भीतीला मी हसणार नाही. गावात जमिनीवरून घरे मोडलेली त्यांनी पाहिली असणार. पण त्यांना हे समजावून सांगा: परगणे आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, व्यक्तिगत इनामे १९५२ च्या, कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या. पेशवाईतली सनद निघाली म्हणून आज कोणी सातबारावर चढत नाही आणि कोणाचे नाव उतरतही नाही. जपायचे ते अलीकडचे कागद. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, फेरफाराचे उतारे, साधारण गेल्या शंभर वर्षांतले. असे दिसले की त्यांची जागा चिठ्ठीवर लिहून ते वेगळ्या फाइलीत काढा आणि बाहेर कोणाला दाखवण्याआधी तुमच्या वकिलांना दाखवा. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर न्यायालय त्याच्या सही-अक्षराच्या खरेपणाचे अनुमान करू शकते. म्हणजे कागद घराच्या ताब्यात, मूळ जागी, नीट नोंदवून ठेवणे हे कायद्याच्या बाजूनेही शहाणपणाचे आहे.

आणखी एक सावधगिरी. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात अनेक जण जुनी मोडी दप्तरे पाहत आहेत. तुमच्याकडेही कोणी येईल. नोंद खरी असेल तर ती दाखवायला ना म्हणू नका, शेजारधर्म आहे. पण मूळ कागद डोळ्यांआड होऊ देऊ नका आणि हाताळायला देण्याआधी त्याचा फोटो काढलेला असू द्या. आधीचा फोटो असला की नंतर कोणी एखादे अक्षर गिरवले तरी कळते.

आता त्या दोन गोष्टी, ज्यांनी तुमचे मन खट्टू झाले.

कर्जरोख्यांच्या तळाशी पाहिलेत का? जिथे कुळाने सही करायची तिथे पुष्कळदा सही नसते, एक लहानसे चित्र असते. कुणब्याचा नांगर, बाईमाणसाची बांगडी. शेजारी कारकुनाने लिहिलेले असते, 'निशाणी नांगर'. त्या माणसाला लिहिता येत नव्हते म्हणून त्याने आपल्या हातातले अवजार कागदावर ठेवले. त्याच्या नातवा-पणतवांपाशी त्याचा फोटो नाही, पत्र नाही, बहुतेक नावही पाठ नाही. गावात त्याच्या हातची खूण कुठे उरली असेल तर ती तुमच्या पेटाऱ्यात आहे. तो कागद फाडला तर अब्रू तुमची राहील की नाही मला ठाऊक नाही, त्या माणसाची खूण मात्र जाईल. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून रोखे ताब्यात घेतले आणि जाळले. ते लोण आजूबाजूच्या गावांत पसरले, आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्यांनी रोखे जाळले यात मला त्यांचे काही चुकलेले दिसत नाही, त्या आगीत त्यांची सुटका होती. आज तुम्ही जाळले तर कोणाचीच सुटका होत नाही, फक्त व्याजाचा दर काय होता, कोणत्या महिन्यात कर्ज घ्यावे लागे, बैल गहाण पडला की जमीन, हे सगळे पुसले जाते.

हे रोखे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. त्या घरांतली माणसे आज तुमच्या शेजारी राहतात, त्यांच्या पणजोबांची अडचण आपण चव्हाट्यावर आणायची नाही. ज्या घराशी तुमचे बरे संबंध आहेत त्या घरातल्या वडीलधाऱ्याला बोलावून, चहा देऊन, तो कागद दाखवा. एक प्रत त्यांना द्या. त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूची हकीकत असेल, तीही लिहून घ्या. काही जण रागावतील. रागावू द्यावे, तो त्यांचा हक्क आहे.

आणि आजेसासऱ्यांच्या बहिणीचे पत्र. ताई, जुन्या दप्तरांत बायका सापडतात त्या 'अमक्याची बायको', 'तमक्याची विधवा' अशा. लग्नाच्या यादीत लुगड्याच्या हिशेबात येतात, निवाड्यात दुसऱ्याच्या तोंडून येतात. स्वतःच्या हाताने लिहिणारी बाई फार क्वचित भेटते. विधवेला एकत्र कुटुंबाच्या इस्टेटीत कायद्याने थोडा तरी हक्क मिळाला तो १९३७ साली, तोही मर्यादित, आणि सासरच्या घरात. माहेरी भावाच्या दारात राहणाऱ्या बहिणीला अन्नवस्त्र हा उपकार होता. तो मिळत नाही हे लिहायला तिला काय लागले असेल! लिहायला शिकली कुठे, हाही प्रश्नच. तिने ते पत्र भावाला लिहिले आणि भावाने ते फेकले नाही, पेटाऱ्यात ठेवले. का ठेवले असेल, याचे उत्तर तुम्हाला मागच्या-पुढच्या कागदांत मिळू शकेल. त्या तारखेनंतरच्या जमाखर्चात तिच्या नावे काही रक्कम पडू लागली आहे का, ते आवर्जून पाहा. पडू लागली असेल तर तुमच्या घराची अब्रू तिथे आहे. पडली नसेल तर निदान तुमच्या पिढीने तिचे म्हणणे ऐकले, एवढे तरी होईल. जाऊबाईंना सोबत घेऊनच ते पत्र पुन्हा वाचा. बाईमाणसाचे दुःख म्हणून वाचले की फाडायचे मन होत नाही, असा माझा अनुभव आहे.

मोडीचे म्हणाल तर तुम्ही स्वतः शिका. बाळबोध वाचणाऱ्याला अक्षरओळख फार अवघड नाही. कसरत असते ती पुढे, कारण ओळ आधी आडवी ओढून त्याखाली अक्षरे लिहीत नेलेली असतात, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पुराभिलेख विभाग, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि काही विद्यापीठे मोडीचे वर्ग घेतात. पहिल्यांदा तारीख काढायला शिका. शक असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ किंवा ७९ मिळवायचे. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर ५९० किंवा ५९१. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, पण तो अंकांत न येता अरबी शब्दांत येतो: 'समान मयातैन व अलफ', म्हणजे आठ, दोनशे आणि हजार, १२०८, अर्थात इसवी सन १८०७-०८. हे वर्ष मृगापासून सुरू होते म्हणून दोन इसवी साले येतात. तारीख काढता आली की सहाही रुमाल काळाच्या ओळीत लागतील, बाकीचे वाचन सावकाश होईल. एखाद्या जाणकाराकडून पैसे देऊन वाचून घ्यायचे असेल तर घ्या, मात्र त्यांना फोटोच पाठवा.

खरेदीदाराला आता स्पष्ट नाही म्हणून कळवा. असे लोक शिक्का आणि तिकीट तेवढे उचलतात, संच फुटतो आणि पुन्हा कधी जुळत नाही. पुतण्याला मी लिहिले आहे असे सांगा: पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित किंवा दस्तऐवज १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याला घराची ओढ आहे हे फार चांगले आहे, ती वाया घालवू नका. सनदेचे उत्तम स्कॅन करून मूळ आकारात छापून घ्या आणि ते पाठवा. फोटोंचे क्रमांक लावणे, यादी टंकणे, ऑनलाइन संच सांभाळणे ही कामे तो तिथे बसून करू शकतो. मोडीला २०१४ पासून युनिकोडही आहे, तरुण माणसाला त्यात रस वाटेल.

शेवटी हे सगळे कुठे ठेवायचे. घर कोरडे असेल आणि पुढच्या पिढीत एक जरी माणूस लक्ष घालणारा असेल तर घरीच राहू द्या. तशी खात्री वाटत नसेल तर संस्थेकडे द्या. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राज्य शासनाची पुणे आणि कोल्हापूरची पुराभिलेखागारे आहेत, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे. देण्याआधी तिथे जाऊन कागद कुठे आणि कसे ठेवतात ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. लेखी विचारा: संग्रह घराण्याच्या नावाने एकत्र राहील का, चोपड्या आणि पोस्टकार्डेही घेणार की फक्त मोडी, आम्हाला प्रती मिळतील का, कर्जरोखे आणि ते पत्र काही वर्षे अभ्यासकांना बंद ठेवता येईल का. यादीवर पोच घेतल्याशिवाय एकही पुडके सोडू नका. कोणती संस्था चोपड्या नको म्हणाली तर तिला सनदही देऊ नका.

आणि संस्थेला हे विचारणारे पत्र पाठवण्याआधी कागदांच्या यादीच्या तळाशी सासूबाई, दीर, जाऊ आणि पुतण्या या सगळ्यांच्या सह्या घ्या. संग्रह घराचा आहे, पुढे कोणी 'मला विचारले नव्हते' म्हणून हरकत घेतली तर संस्थेलाही तो परत करावा लागू शकतो. आश्विन १८४० च्या आधीच्या वर्षाचे पान निघाले आणि त्यात मांजरपाट किती आहे ते कळले, की मला जरूर कळवा.